एल्फ अमर असतात, मग त्यांचा चेहरा सुतकी का?

इंग्रज लेखक टॉल्किनच्या कथांमध्ये एल्फ नावाची माणसासारखीच दिसणारी एक जमात आहे. त्या कथांवरील चित्रपट पाहिलेली माणसे मला हमखास हा प्रश्न विचारतात. ज्यांना रोग नाही, म्हातारपण नाही आणि मरण नाही, त्यांनी सदा कोणी गेल्यासारखे का वावरावे? तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. (कान टोकदार का, हा त्याच्या खालोखाल येणारा प्रश्न. टॉल्किनच्या एका जुन्या शब्दसूचीत ते माणसांच्या कानांपेक्षा टोकदार आणि पानाच्या आकाराचे असल्याची नोंद आहे. त्यापुढे त्याला फारसे महत्त्व नाही.)

घोटाळा ‘अमर’ या शब्दात आहे. तो ऐकताच आपल्याला अमृत प्यालेले देव आठवतात. पण टॉल्किनचा एल्फ देव नव्हे. त्याच्या ठायी ‘फेआ’ म्हणजे जीव आणि ‘ह्रोआ’ म्हणजे देह अशी दोन तत्त्वे आहेत. फेआ थेट ईश्वराकडून येतो, तर ह्रोआ आर्दाच्या, म्हणजे या सृष्टीच्याच मातीचा असतो. देहापुरते बोलायचे तर एल्फ आणि माणूस एकाच जातीचे आहेत, अन्यथा त्यांना एकमेकांपासून संतती झाली नसती, असे टॉल्किनने १९५४ मधल्या एका पत्रात स्पष्ट लिहिले आहे. फरक आहे तो जिवाची देहावर किती पकड आहे याचा. एल्फाची ही पकड इतकी घट्ट असते की आजार त्याला शिवत नाही, आणि जिथे बरोबरची माणसे छातीभर बर्फातून वाट काढतात तिथे लेगोलास हा एल्फ बर्फावरून हलक्या पावलांनी निघून जातो. मूल पोटात वर्षभर राहते आणि पुरते वाढायला पन्नास ते शंभर वर्षे घेते. तरीही तलवारीने एल्फ मरतो, आणि दुःखानेही मरतो.

मेल्यावर त्याचा जीव मान्डोसच्या, म्हणजे मृतांच्या रखवालदाराच्या, दालनांत बोलावला जातो, तिथे काळ काढतो आणि बहुधा पुन्हा देह धारण करतो. इथवर आले की ऐकणारा म्हणतो, ‘म्हणजे आपला पुनर्जन्मच की!’ खरे तर हे नेमके उलटे आहे. ‘वासांसि जीर्णानि’ म्हणणाऱ्या गीतेत देह हे टाकून द्यायचे वस्त्र आहे. एल्फाच्या बाबतीत देह हे जिवाचे घर आहे आणि त्याबाहेर पडणे ही विकृती मानली जाते. परत येणारा एल्फ त्याच नावाने आणि त्याच आठवणींसह येतो. आधी टॉल्किनने हे जीव मूल होऊन पुन्हा जन्मतात असे मानले होते, आणि ऑक्सफर्डमधल्या एका कॅथॉलिक पुस्तकविक्रेत्याने त्यावरच शंका काढली होती. वर उल्लेखिलेले पत्र हे त्याला लिहिलेले उत्तर. पण आपण स्वतःला फारच महत्त्व देत आहोत असे वाटून टॉल्किनने ते धाडलेच नाही. पुढे ती कल्पनाही त्याने सोडली आणि पूर्वीचाच देह नव्याने घडवला जातो असे ठरवले. मला ते पटते, कारण जुन्या आठवणी घेऊन आलेल्या बाळाचे नव्या आईशी नेमके नाते काय, याचे उत्तर कोणालाच देता आले नसते.

या साऱ्याचा पीळ मीरिएल या एल्फ राणीच्या कथेत दिसतो. फेआनोर या मुलाला जन्म देताना तिची सारी शक्ती त्याच्यात उतरली आणि जगण्याची इच्छाच सरली. जिथे कोणी मरत नाही अशा भूमीत ती बागेत जाऊन निजली आणि तिचा जीव निघून गेला. देह मात्र न कोमेजता तसाच राहिला. तिच्या पतीला, फिन्वेला, दुसरे लग्न करायचे होते. पण एल्फांचे लग्न मृत्यूनेही संपत नाही, कारण मेलेली पत्नी केव्हाही परत येऊ शकते. अखेर वालारांनी, म्हणजे सृष्टीच्या अधिपतींनी, विचार करून परवानगी दिली ती मीरिएलने कधीही न परतण्याच्या अटीवर. ज्या समाजात वैधव्य नाही, त्याला विधुराचे काय करावे हेच कळेना.

जे मारले जात नाहीत, त्यांचा जीव हळूहळू देहाला जाळत नेतो, आणि युगे लोटल्यावर देह जिवाने जपलेली एक आठवण एवढाच उरतो. शिवाय हे आयुष्य सृष्टी असेतोवरचेच. माणसाचा जीव मेल्यावर सृष्टीबाहेर जातो, म्हणून मरण ही माणसाला मिळालेली देणगी; एल्फाला मात्र सृष्टीच्या अंतानंतरचे कसलेच आश्वासन नाही. ‘तुमचे बरे आहे,’ असे सुनावणाऱ्या आन्द्रेथ या स्त्रीला एल्फ राजा फिनरॉड सांगतो, की आमच्याही मागावर शिकारी आहे. तो सावकाश चालतो, पण माग कधी चुकत नाही.

आपल्याकडे जवळचे उदाहरण शोधायचे तर ते यक्ष-गंधर्वांचे नव्हे, चिरंजीवांचे आहे. त्यातही भळभळत्या जखमेसाठी तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याचे. पण त्याच्या वाट्याला आला तो पापाबद्दलचा शाप. एल्फाच्या जखमेला असा अपराध लागत नाही, तो नुसता जगत राहिला की ती होते.

पडद्यावर तुम्ही पाहिलेला तो गंभीर चेहरा बहुधा एल्रॉन्डचा असावा. तो आणि त्याचा भाऊ एल्रॉस हे अर्धे एल्फ, अर्धे माणूस. दोघांनाही कोणत्या बाजूला जायचे ते निवडायला सांगितले गेले. एल्रॉसने माणूस होणे निवडले आणि पाचशे वर्षे जगून तो मरण पावला. त्यानंतर सुमारे सहा हजार वर्षांनी एल्रॉन्डच्या मुलीनेही तेच निवडले, आणि एल्रॉन्ड तिला मागे ठेवून जहाजात बसून पश्चिमेकडे, त्या न मरणाऱ्यांच्या भूमीकडे निघून गेला.