तुम्ही विचारलंत म्हणून: एका शहरात ज्यूंच्या दोन दफनभूमी कशाला?

मुंबईत ज्यू मोजकेच उरले असताना वरळीला एक आणि चिंचपोकळीला दुसरी दफनभूमी कशाला, हे मला वारंवार विचारले जाते, आणि पाठोपाठ 'म्हणजे जातपात तुमच्यातही आहे' हेही ऐकावे लागते. 'आमच्या प्रथा वेगळ्या' असे सांगून मी पूर्वी विषय मिटवत असे. ते खोटे नव्हते. आम्ही बेने इस्रायल कोकणातून आलेले, मराठी बोलणारे. बगदादी ज्यू व्यापाराच्या निमित्ताने आलेले, अरबी बोलणारे. परंतु तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही.

1836 मध्ये व्यापारी दाविद ससून आणि इतर काही बगदादी ज्यूंनी मुंबई सरकारकडे अर्ज केला, की सामाईक दफनभूमीत त्यांच्या आणि बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालावी. समाजी हसाजी दिवेकरांनी मांडवीत आमचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बांधून तेव्हा 40 वर्षे झाली होती. म्हणजे या शहरात आम्ही आधीचे होतो. पुढे दाविद यांचे पुत्र एलियास ससून यांनी 1878 मध्ये मुलाच्या, जोसेफच्या, स्मरणार्थ बगदादींच्या दफनभूमीसाठी चिंचपोकळीची जागा दिली. त्या बापाच्या दुःखाला मी बोल लावणार नाही. भिंतीच्या अर्जाचे मात्र समर्थन मला जमत नाही.

बाबांना आमच्या वरळीच्या दफनभूमीत नेले त्या दुपारी ती भिंत मला प्रत्यक्ष आडवी आली. कद्दिश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात आणि आम्ही नऊच होतो. निम्मे नातलग इस्रायलला गेलेले. पांढऱ्या कफनातला देह खड्ड्यात उतरवून झाला होता, माती लोटणारे फावड्यावर हात ठेवून थांबले होते आणि काका सारखे फाटकाकडे पाहत होते. भायखळ्याच्या एका ओळखीच्या बगदादी गृहस्थांना बोलावू, असे मी म्हणताच काका कडाडले, "त्यांना आपल्यात भिंत हवी होती ना? मग आज कशाला बोलवायचं?" ठाण्याहून निघालेला आतेभाऊ तासाभराने पोहोचला, तेव्हा कुठे मी कद्दिश म्हटला. तो तास मी काकांना माफ केलेला नाही.

तरीही त्यांचा राग कुठून आला होता, ते मला ठाऊक होते. इस्रायलमध्ये 1962 च्या सुमारास बेने इस्रायलांच्या लग्नाआधी आईकडच्या वंशाची चौकशी होऊ लागली. आंदोलने झाली, आणि 1964 मध्ये सरकारने आम्ही पूर्ण ज्यू असल्याचा निर्वाळा दिला. काका त्या वर्षांत तिथे होते. आणि हेही सांगितले पाहिजे, की गोरे इस्रायल (शुद्ध वंशाचे मानलेले) आणि काळे इस्रायल (समाजाबाहेरच्या स्त्रियांशी झालेल्या विवाहांतले वंशज) हा भेद आमच्याच लोकांनी पाळला. त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नव्हता. काकांच्या आईनेही तो पाळला होता.

तेव्हा जातपात होती का, तर होती, दोन्हीकडे होती. काका चुकले, असे मी त्या दिवशी फाटकाबाहेर हात धुताना त्यांच्या तोंडावर म्हणालो होतो. आज तसे ठामपणे म्हणवत नाही. पण ते बरोबर होते, असेही म्हणवत नाही, कारण त्या तासभर उघड्या खड्ड्यात माझे वडील होते.