तुम्ही विचारलंत म्हणून: सासर इराणचं आणि मी गप्प का

इराण बातम्यांत आलं की माझा फोन वाजायला लागतो. सोसायटीतल्या काकू, ऑफिसमधले, शाळेच्या ग्रुपवरचे, सगळ्यांचं एकच, अगं तुझं तर सासरच तिकडचं, तू काहीच कसं लिहीत नाहीस, आतलं खरं काय ते तुझ्याकडून तरी कळेल. एकाने तर "तुमच्यासारखे गप्प बसतात म्हणूनच असली सरकारं टिकतात" असं सुनावलं पण. त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही, आता एकदाच सगळ्यांना देते.

आधी एक सांगते, माझ्याकडे आतलं वगैरे काही नसतं. सासूबाईंशी (आम्ही मामान म्हणतो) फोनवर काय बोलणं होतं? गुडघे, तांदळाचा भाव, नातवाने जेवायला त्रास दिला का. राजकारण शून्य. कोण ऐकतंय माहीत नसलं की माणूस गुडघ्यांवरच बोलतो. फोन लागणं हीच मोठी गोष्ट असते. फेसबुक, ट्विटर, यूट्यूब 2009 पासून बंद, टेलिग्राम 2018 ला गेलं, इन्स्टा आणि व्हॉट्सअॅप सप्टेंबर 2022 मध्ये, हिजाबवरून पकडलेल्या महसा अमिनीच्या कोठडीतल्या मृत्यूनंतरच्या आठवड्यात, लोक रस्त्यावर उतरले तेव्हा. व्हॉट्सअॅप 2024 च्या डिसेंबरात उघडलं, तर जून 2025 मध्ये इस्रायलशी लढाई सुरू झाल्यावर सरकारी टीव्हीच सांगायला लागला की फोनमधून काढून टाका, आणि मग जवळजवळ सगळं इंटरनेटच गेलं. मामानच्या फोनवर व्हीपीएनची (दुसऱ्या देशातून इंटरनेट वळवून बंदी चुकवणाऱ्या अॅपची) रांग आहे, एक नाही चाललं की दुसरं, दुसरं नाही की तिसरं. ज्या बाईला टीव्हीचा रिमोट कळत नाही तिला कुठल्या व्हीपीएनचा कुठला देश चालतो ते पाठ आहे. आणि ज्या ट्विटरवर लोकांना बंदी त्याच ट्विटरवर देशाचे तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनी यांच्या नावाची खाती, कितीतरी भाषांत, 2020 मध्ये हिंदीत सुद्धा उघडलं होतं. हसायचं की रडायचं.

पण हे कारण अर्धंच आहे. कारण मी आधी लिहायचे, हे तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. नोव्हेंबर 2019 मध्ये पेट्रोल एका रात्रीत महाग केलं, लोक रस्त्यावर आले आणि दुसऱ्याच दिवशी अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद झालं, जवळपास आठवडाभर. त्या काळात किती मेले याचा आकडा अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने तीनशेच्या वर सांगितला, रॉयटर्स वृत्तसंस्थेने पंधराशे. मी तेव्हा रोज लांबलचक लिहीत होते, लाइक पण भरपूर येत होते. "गप्प बसणं म्हणजे साथ देणं" हे माझंच वाक्य, आता मलाच ऐकवलं जातं. तेव्हाच्या त्या माझा मला राग येतो आणि हेवा पण वाटतो. तेव्हा माझ्या घरातलं कोणी तुरुंगात नव्हतं ना.

2022 च्या ऑक्टोबरात माझ्या नणंदेला उचललं. काय केलं होतं? डोक्यावर काही न घेता मैत्रिणींबरोबर चालत होती आणि तो व्हिडिओ तिच्या इन्स्टावर होता. पहिले काही दिवस कुठे आहे तेच कळेना, मग कळलं एविनमध्ये. एविन म्हणजे तेहरानच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी असलेला तो तुरुंग, राजकीय कैद्यांना ठेवतात तो. सासऱ्यांना बोलावून सांगण्यात आलं की बाहेर बोभाटा करू नका, मुलगी आपोआप घरी येईल. नवऱ्याचा मामेभाऊ युरोपात असतो, त्याचं म्हणणं बरोब्बर उलट, आत्ताच्या आत्ता नाव आणि फोटो टाका, ज्यांचं नाव जगाला माहीत असतं त्यांना हात लावताना हे विचार करतात. मी पोस्ट लिहून ठेवली होती, मराठीत आणि इंग्रजीत, तिचा पुण्याला आली होती तेव्हाचा सिंहगडावरचा फोटो, हातात कणीस. सासरे म्हणाले, "ती माझी मुलगी आहे, तुमची पोस्ट नाही."

15 ऑक्टोबरच्या रात्री साडेअकराच्या सुमाराला इथे आम्ही झोपायच्या तयारीत, तिकडे साडेनऊ, आणि मामेभावाचा व्हिडिओ आला. कुणीतरी घराच्या खिडकीतून काढलेला. एविनमधून ज्वाळा, धूर, गोळ्यांचे आवाज, मध्येच स्फोट. नवरा तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघत होता, ही इमारत कुठली, बायकांचा विभाग कुठल्या बाजूला, ज्याने आतून कधी एविन पाहिलं नाही तो माणूस आगीवरून नकाशा लावत होता. मोबाइल इंटरनेट तेव्हा तिकडे रोज संध्याकाळपासून कापायचे, त्यामुळे मामानला व्हीपीएनवरून काहीच जाईना. साधा फोन लावला, लागला, तर मामान म्हणते, हवा थंड झालीये. बस्स. मागून सासऱ्यांचा आवाज येत होता, गाडीची किल्ली कुठे आहे विचारत होते. ते निघालेच, पण तुरुंगाकडच्या रस्त्यावर गाड्याच गाड्या, सगळे आपापलं माणूस बघायला निघालेले, कोणी हॉर्न वाजवतंय, कोणी घोषणा देतंय, पुढे जाऊच देईनात. पहाटेपर्यंत ते गाडीत बसून होते. त्या रात्री नवरा मला म्हणाला, टाक ती पोस्ट. मी म्हटलं, बाबांना विचार. बाबांचा फोन लागेना. टाकली नाही. दुसऱ्या दिवशी सरकारने चार मेले म्हणून सांगितलं, मग आठ. तिचा स्वतःचा फोन त्यानंतर काही दिवसांनी आला, दोन मिनिटांचा, मी बरी आहे, गरम कपडे पाठवा.

नोव्हेंबरात ती जामिनावर सुटली, त्यासाठी सासऱ्यांनी घराची कागदपत्रं ठेवली. म्हणजे गप्प बसण्याचा फायदा झाला? मला तेव्हा तसंच वाटलं, अगदी पटलं. मग 8 डिसेंबरला त्याच आंदोलनात पकडलेल्या मोहसेन शेकारीला फाशी दिली आणि तोपर्यंत त्याचं नाव जगात जेमतेम कुणाला माहीत होतं. चार दिवसांनी मशहदमध्ये तशाच मजीदरेझा रहनवर्दला, लोकांदेखत, घरच्यांना नंतर कळवलं. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. आणि उलटं उदाहरण पाहिजे तर तूमाज सालेही, रॅपर, जगभर नाव, तरी एप्रिल 2024 मध्ये फाशीची शिक्षा झालीच, जूनमध्ये ती रद्द झाली, डिसेंबरात सुटला. नावामुळे वाचला की नावामुळे अडकला, ज्याला जे पाहिजे ते त्याने घ्यावं.

नणंदेला मात्र काही शंका नाही. सुटल्यावर बऱ्याच महिन्यांनी ती तुर्कस्तानात होती तेव्हा मोकळेपणी बोलली. म्हणाली, चौकशी करणारा रोज एकच सांगायचा, बाहेर तुझी कुणाला आठवण पण नाही, आणि मी मनात म्हणायचे हा खोटं बोलतोय. "तो खरं बोलत होता की गं." यावर मी काय बोलणार होते? मी म्हटलं, बाबांचं ऐकलं. ती म्हणाली, बाबा घाबरलेले होते, तू तर पुण्यात होतीस.

पुण्यात म्हणजे काय मोकळं रान नाही हे तिला कसं सांगू. नवऱ्याचा पासपोर्ट इराणच्या वकिलातीतूनच नवा होतो, मुलाला आजी-आजोबांकडे न्यायचंय. आणि इकडची मंडळी! नेमकं त्याच सुमाराला कर्नाटकातल्या हिजाबची केस सुप्रीम कोर्टात चालू होती, 13 ऑक्टोबरला दोन न्यायाधीशांनी दोन वेगळे निकाल दिले. सोसायटीच्या ग्रुपवर इराणी बायकांचे स्कार्फ जाळतानाचे व्हिडिओ, खाली "बघा, त्यांनाच नकोय". माझ्या नणंदेच्या जिवावर यांना इथल्या मुलींना वर्गाबाहेर ठेवायचं होतं. तिचं म्हणणं साधं आहे, घालायची सक्ती करणारा आणि काढायची सक्ती करणारा दोघांनी माझ्या डोक्यापासून लांब राहा. हे लिहिलं असतं तर अर्ध्या लोकांनी पहिलं वाक्य उचललं असतं, अर्ध्यांनी दुसरं. दुसरीकडे माझे डावे मित्र, त्यांना हे सगळं अमेरिकेचं कारस्थान वाटतं, त्यांच्याशी वाद घालायची ताकद माझ्यात नाही. आणि काश्मीर. 2019 च्या माझ्या पोस्टखाली एकाने विचारलं होतं की तिथलं इंटरनेट ऑगस्टपासून बंद आहे, त्यावर काही? मी त्याला ब्लॉक केलं होतं.

हे लिहिलेलं काल दोघांना वाचून दाखवलं, नवऱ्याने फारसीत करून सांगितलं. घरातले तपशील मी मुद्दाम इकडचे तिकडे केलेत, तारखा खऱ्या आहेत. सासरे म्हणाले, एविनची रात्र काढून टाक, कुणाला कळायचं ते कळेल. नणंद म्हणाली, रात्र राहू दे आणि माझं नाव घाल, आडनावासकट. रात्र ठेवलीये, नाव नाही घातलं. दोघंही माझ्यावर चिडलेत.