मांजऱ्या खडकाची छिद्रं पाहताना: सीटीत काळं दिसलं म्हणजे पोकळी नव्हे

वालुकाश्मात दोन कणांमधली जागा म्हणजे छिद्र. मांजऱ्या खडकात, म्हणजे बुडबुड्यांची छिद्रं असलेल्या बेसाल्टात, एवढं सोपं नसतं. लाव्हा थिजताना अडकलेले वायूचे बुडबुडे, थंड होताना पडलेल्या भेगा आणि नंतर गरम पाण्याने विरघळलेल्या फेल्डस्पार या खनिजाच्या जागा, हे सगळं एकाच तुकड्यात भेटतं. बुडबुडा ५ मिलिमीटरचा, तर त्याला शेजाऱ्याशी जोडणारी भेग जेमतेम एखाद्या मायक्रॉनची. बडोद्याजवळ पादऱ्याला दख्खनच्या बेसाल्टातून तेल निघतं, राजस्थानात बाडमेरच्या रागेश्वरीत ज्वालामुखी खडकांतून वायू. तिथे साठा किती आणि वाहणार किती, हा हिशेब या दोन मापांमधल्या तफावतीवरच उभा असतो.

नमुना बिघडतो तो बहुतेक वेळा यंत्रात जाण्याआधीच. बुडबुड्यांच्या भिंतींना स्मेक्टाइट माती चिकटलेली असते. पाण्याच्या धारेखाली कापलं की ती फुगते आणि कडा निखळतात, म्हणून करवतीला रॉकेल किंवा हलकं तेल वापरावं. वाळवताना भट्टी १०५ अंशांवर ठेवली तर माती आकसते, झिओलाइटमधलं (बुडबुड्यांत साचणाऱ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांमधलं) पाणी उडतं आणि नव्याच भेगा पडतात. चित्रात त्या अगदी खऱ्यासारख्या दिसतात. ६० अंश, तेही थोडी आर्द्रता राखून, आणि वजन स्थिर होईपर्यंत थांबायचं. घाई इथे महागात पडते.

मग निर्वातात निळा रंग घातलेली पातळ इपॉक्सी राळ भरायची, वर दाब द्यायचा आणि ३० मायक्रॉनचा काप घासायचा. काप काचेवर चिकटवताना मात्र बिनरंगी राळच घ्यावी. सूक्ष्मदर्शकाखाली निळा बुडबुडा दिसला तर तो बाहेरच्या जगाशी जोडलेला आहे. बिनरंगी दिसला तर तो एकटा तरी आहे किंवा घासताना आतलं खनिज निसटलं आहे. कडा नीट पाहिली की फरक कळतो: मूळ भिंत गुळगुळीत, निसटलेली ओबडधोबड.

सीटीत, म्हणजे क्ष-किरणांनी घेतलेल्या त्रिमितीय चित्रात, खरा घोळ होतो. २५ मिलिमीटरचा प्लग (खडकातून काढलेला दंडगोल तुकडा) २,००० पिक्सेलच्या डिटेक्टरवर घेतला तर एक व्हॉक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत छोटा ठोकळा, साधारण १२.५ मायक्रॉनचा येतो, म्हणजे जोडणाऱ्या भेगा दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी त्याच प्लगमधून २-३ मिलिमीटरची काडी काढावी लागते. बेसाल्टात लोह भरपूर, त्यामुळे क्ष-किरणांचा मऊ भाग कडेलाच शोषला जातो; कडा उजळ आणि मध्य काळपट दिसतो. एकच थ्रेशोल्ड (किती काळं म्हणजे पोकळी, ही सीमा) लावला की मधला घट्ट खडकही पोकळी म्हणून मोजला जातो. अर्ध्या मिलिमीटरचा तांब्याचा फिल्टर लावावा, उरलेलं सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करावं.

त्याहून फसवा झिओलाइट. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइटची घनता सुमारे २.२, भोवतीच्या बेसाल्टची २.८ ते ३. भरलेला बुडबुडा गडद करडा दिसतो आणि सैल हाताने रिकामा ठरतो. यावर भरवशाचा उपाय एकच: आधी कोरडा स्कॅन, मग क्ष-किरण जास्त शोषणारं पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण निर्वातात भरून त्याच जागी दुसरा, आणि दोन्हींची वजाबाकी. जे उजळलं ते जोडलेलं. पोटॅशियममुळे मातीही कमी फुगते.

छिद्रांत दाबाने पारा भरण्याच्या चाचणीत बुडबुड्याचं आकारमान त्याच्या गळ्याच्या नावावर जमा होतं, अरुंद तोंडाच्या दौतीसारखं. हेलियम वायू भरून छिद्रं मोजली तर तो एकट्या बुडबुड्यात शिरत नाही, सीटीला मात्र असा बुडबुडा दिसतो. उलट व्हॉक्सेलहून बारीक छिद्रं हेलियमला सापडतात, सीटीला नाहीत. हेलियमचा आणि सीटीचा आकडा जुळला, तर या दोन विरुद्ध चुकांनी एकमेकींना झाकलेलं असू शकतं. म्हणून शेवटी उरलेल्या तुकड्याची पूड करून कणघनता (छिद्रं वगळून नुसत्या खनिजांची घनता) मोजावी. एकूण सच्छिद्रता तिच्यावरूनच ठरवावी.