अर्ध्यावर असतानाच बोला

"कादंबरी पूर्ण वाचून झालेली नसताना तुम्ही तिच्याबद्दल बोलता कशा? आणि दुसऱ्यांनाही बोलायला का लावता?" आमच्या वाचनगटाबद्दल कुणाला सांगितलं की हा प्रश्न येतोच. गट साधा आहे. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही जमतो. सध्या हातात असलेली कादंबरी प्रत्येकाने आणायची, आपण कितव्या पानावर आहोत ते आधी सांगायचं आणि तिथवर काय वाटलं ते बोलायचं. पुढचं ज्यांना ठाऊक आहे त्यांनी गप्प बसायचं. विचारणाऱ्यांना यात लेखकावर अन्याय होतो असं वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

शेवट कळला की वाचकाचं मत शेवटाकडे ओढलं जातं. मधे कुठे कंटाळा आला होता, कुठल्या पात्राचा संशय आला होता, कुठे पुस्तक मिटून उगाच स्वयंपाकघरात चक्कर मारून यावंसं वाटलं होतं, हे सगळं आपण विसरतो. मागे उरतं ते "मस्त आहे", "जड आहे", "शेवट पटला नाही". यावर समोरचा काय बोलणार? वाचली असेल तर मान डोलावणार, नसेल तर यादीत नाव टिपून घेणार. अर्ध्यावर असलेल्या माणसापाशी मात्र प्रश्न असतात आणि ते अजून ताजे असतात. त्याला बोलताना ऐकलं की कादंबरी वाचणं म्हणजे नेमकं काय चाललेलं असतं ते दिसतं.

आणि ही काही आमच्या गटाने काढलेली नवी टूम नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो!' त्यात क्रमशः दिली. यमू आपली कहाणी स्वतःच सांगते. तिचं पुढे काय होणार हे पुढचा अंक हातात येईपर्यंत वाचकाला कळायची सोय नव्हती. म्हणजे मराठी कादंबरीतल्या या थोर कृतीच्या पहिल्या वाचकांनी तिच्याबद्दल जे काही बोलायचं ते अर्ध्यावरच बोललं असणार, घरात आणि ओटीवर, यमूच्या काळजीने. बांधलेलं पुस्तक एकदम हातात घेणारे आपण नंतरचे.

सगळ्या कादंबऱ्यांना हे लागू पडत नाही हेही सांगते. 'रणांगण'सारखी छोटी, एका बोटीवरच्या प्रवासात घडणारी कादंबरी बहुतेक जण एका बैठकीत संपवतात. तिथे 'अर्ध्यावर' असं काही नसतंच.

'कोसला'चं मात्र वेगळं आहे. आमच्यातली एक कॉलेजात शिकणारी मुलगी ती घेऊन आली होती, 1963 ची कादंबरी, आईच्या कपाटातली प्रत. पहिल्या भेटीत ती वैतागलेली होती. पंचवीस वर्षांचा हा पांडुरंग सांगवीकर, पुण्याचं हॉस्टेल, मेस, गॅदरिंग, मित्र, आणि जो दिसेल त्याची टिंगल. "याला काही म्हणजे काही मनापासून वाटतच नाही का? मला याच्याबरोबर आणखी शंभर पानं राहायचं नाहीये," असं ती म्हणाली. खोलीतल्या निम्म्या लोकांनी 'कोसला' केव्हाच वाचली होती. एक काका तर हात वर करून बसले होते, त्यांना काहीतरी सांगायचंच होतं. नियम म्हणून गप्प राहिले. आम्ही तिला एवढंच विचारलं की टिंगल नेमकी कुठे खटकली. तिने पानं उलटून वाचून दाखवलं. एका ठिकाणी सगळे हसले, तीही हसली, आणि हसता हसता म्हणाली, "बघा, हसू येतं हाच तर त्रास आहे."

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा मनीचं मरण वाचून आली होती. पांडुरंगाची धाकटी बहीण देवीच्या आजाराने जाते. इतक्या वर्षांनी हे काही गुपित राहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. तिचं मत बदललं असेल असं आम्हाला वाटत होतं. तसं झालं नव्हतं. ती म्हणाली की टिंगलीचा वैताग तिला अजूनही येतो, पण आता त्या वैतागाचं काय करायचं ते कळत नाहीये, कारण मनीच्या पानांवर तोच आवाज तिला सहन होईना आणि तरी सोडवेना. एवढ्या नेमक्या शब्दांत 'कोसला'तल्या त्या वळणाबद्दल मी कुठल्या लेखात वाचलेलं नाही. पूर्ण वाचून ती एकदाच बोलली असती तर पहिला वैताग तिला आठवलाही नसता. माझ्या मते तो वैताग लेखकाने वाचकाकडून मुद्दाम काढून घेतलेला आहे. मनीच्या जाण्याचा घाव बसतो तो त्याच्यामुळेच.

याचा अर्थ अर्ध्यावर निकाल लावून मोकळं व्हावं असा नाही. "अमुक लेखक संपला", "ही कादंबरी फालतू आहे" असं कुणी तिसाव्या पानावर म्हणालं तर मी थांबवते. काय वाटलं आणि कुठल्या पानावर वाटलं, एवढं सांगितलं की पुरे. पानाचा आकडा सांगायचा नियम त्यासाठीच आहे. माणूस आकडा बोलला की आपोआप जपून बोलतो.

राहता राहिलं माझं. मी सध्या उद्धव शेळक्यांची 'धग' पुन्हा वाचते आहे. 1960 ची कादंबरी, विदर्भातलं गाव, संवाद वऱ्हाडीत. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी ती डोळ्यांनी वाचली होती. या वेळी आमच्यातल्या अमरावतीकडच्या एक बाई नायिका कौतिकचे संवाद मोठ्याने वाचून दाखवतात. जिथे मला नुसतं रडगाणं ऐकू आलं होतं तिथे त्या वाचतात तेव्हा टोमणा असतो, हिशेब असतो, नवऱ्याला दिलेली शेवटची संधी असते. मी निम्म्याच्या थोडी पुढे आहे. तिचा नवरा महादेव प्रत्येक वेळी कच खातो, कौतिक पुन्हा उभी राहते, मुलगा नामा शिकावा म्हणून धडपडते, आणि आता मला महादेवापेक्षा कौतिकचाच राग येऊ लागला आहे. इतकी आशा ती कशाच्या जोरावर धरते? तिच्या या आशेचं ओझं त्या पोरावर पडतंय असं मला दिसतं आहे, आणि लेखकालाही ते दिसतंय की नाही याबद्दल माझी खात्री होत नाहीये. अमरावतीच्या बाईंना हे अजिबात मान्य नाही. आशा सोडायला माणसाला सवड लागते, कौतिकला ती कुठे होती, असं त्या म्हणतात. शेवट आम्हा दोघींनाही माहीत आहे आणि तो मधे आणायचा नाही असं ठरलं आहे. येत्या बैठकीत त्या पुढचं प्रकरण वाचणार आहेत. मी माझी पानं खुणा करून ठेवली आहेत.