कोथरूड ते औंध, रोज सायकलने : एका वर्षाचा वृत्तांत

मागच्या दिवाळीनंतर मी ऑफिसला सायकलने जायला लागले, त्याला आता वर्ष झालं. पुण्यात कोथरूडची मयूर कॉलनी ते औंधचा ब्रेमेन चौक, मोबाइलवर एका बाजूचे ९ किलोमीटरच्या थोडं वर दाखवतं. वय ४४, त्याआधी व्यायामाची सवय अशी काही नाही, गुडघे बरे आहेत एवढंच. ओळखीतल्या तीन-चार जणींनी विचारलं की नक्की कसं जातेस, कुठून जातेस, घामाचं काय करतेस, म्हणून सगळं एकदा नीट लिहून टाकतेय.

आधी सायकलबद्दल, कारण इथेच माझे दोन महिने वाया गेले. दुकानात गेलं की जाड टायरची, पुढे सस्पेन्शनवाली एमटीबी, म्हणजे डोंगरातल्या रस्त्यांसाठीची सायकल दाखवतात, दिसते दणकट पण रस्त्यावर जड जाते आणि तिला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँडसुद्धा वेगळा. मी आधी पुतण्याची तशीच एक पडून असलेली सायकल घेऊन सुरू केलं आणि रोज थकून पोचायचे, मला वाटायचं मलाच जमत नाहीये. मग हायब्रीड घेतली, मध्यम टायर, ७ गिअर, बसताना पाठ सरळ राहते. तिला दोन्ही मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर आणि घंटी लावून घेतली आणि त्याच रस्त्याला १० मिनिटं कमी लागायला लागली. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, घेणार असाल तर बिलात बघून घ्या. आणि घेताना व्हॉल्व्ह बघा, हे कोणी सांगत नाही. गाडीच्या टायरला असतो तसा जाड व्हॉल्व्ह असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे, पेट्रोल पंपावर हवा भरता येते. फक्त पंपावरच्या मशिनने भरताना समोर उभं राहून सांगा, सायकलच्या ट्यूबमधे हवा मावते थोडी आणि प्रेशर झपकन चढतं. किती भरायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं.

आता रस्ता. पहिले काही दिवस मी स्कूटरवाल्या सवयीने सरळ कर्वे रोडने जायचे. मेट्रोच्या खांबांनी रस्ता मधोमध चिरलेला, डावीकडे बसेस, रिक्षा, पार्क केलेल्या गाड्या, आणि या सगळ्यात आपण. ते सोडून दिलं. आता जोग शाळेच्या बाजूने मयूर कॉलनीतल्या आतल्या गल्ल्यांतून निघते आणि दशभुजा गणपतीपाशी बाहेर येते, तिथून नळस्टॉपपर्यंतचा तुकडा मात्र चुकत नाही, तो मोठ्या रस्त्यानेच काढावा लागतो. सव्वाआठच्या आत तिथून गेलं तर निवांत, साडेआठनंतर शाळेच्या व्हॅन आणि ऑफिसवाले एकदम येतात आणि नळस्टॉपचा सिग्नल दोनदा लागतो. १५ मिनिटं लवकर निघणं हा माझ्या सगळ्या अनुभवातला सगळ्यात उपयोगी बदल आहे.

नळस्टॉपवरून लॉ कॉलेज रोड. हा माझा आवडता तुकडा. झाडं आहेत म्हणून एप्रिलमधेसुद्धा सकाळी इथे ऊन अंगावर येत नाही. फिल्म इन्स्टिट्यूट, मग लॉ कॉलेज, मागे टेकडी, आणि शेवटी भांडारकर संस्थेचा कोपरा. स्कूटरवरून हा रस्ता मी शेकडो वेळा गेले असेन पण सकाळी तिथे मोर ओरडतो हे मला सायकलवर कळलं, लॉ कॉलेजच्या मागच्या टेकडीवरून येतो आवाज. सावध राहायचं ते कडेच्या गाड्यांपासून. चहाला, नाश्त्याला थांबलेले लोक दार उघडताना मागे बघत नाहीत. जानेवारीत एकाने असंच दार उघडलं, मी ब्रेक दाबला, हँडल दाराला लागलं आणि मी डाव्या हातावर पडले. मनगट आठवडाभर सुजलं होतं. तेव्हापासून पार्क केलेल्या गाड्यांपासून एक हात तरी लांब, म्हणजे लांब. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू द्या, तो आपल्याला बघतोय म्हणूनच वाजवतोय.

मग सेनापती बापट रोड आणि त्याचा चढ. सिंबायोसिसपर्यंत चढत जायचं आणि मग पलीकडे चतुःशृंगीकडे उतार. ज्यांना ज्यांना मी सायकलबद्दल सांगते ते सगळे याच चढाचं नाव काढतात. पहिल्या आठवड्यात माझी इथे छाती भरून आली होती, पाय थरथरत होते आणि तरी मी उतरत नव्हते, कारण बाजूने हेल्मेट आणि घट्ट कपडे घातलेला सायकलवाल्यांचा एक ग्रुप सर्रकन वर गेला होता. तेवढ्यात पुढे एक काका दिसले, सिक्युरिटीच्या गणवेशात, जुनी काळी सायकल, हँडलला डबा. ते शांतपणे उतरले आणि सायकल हातात धरून चालत निघाले. मीही उतरले, आम्ही बरोबरच चाललो. म्हणाले, ताई, रात्रपाळी करून घरी चाललोय, चढाला दम घालवला तर झोप लागत नाही, चालत जायचं. वीस वर्षं याच रस्त्याने येतात-जातात. त्या दिवसापासून सायकल म्हणजे व्यायाम हे माझ्या डोक्यातून निघालं ते निघालंच. आपण कामाला चाललोय. दम लागला उतरा, बरं नसेल तर त्या दिवशी बसने जा, कोणी मार्क देत नाहीये.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे पुणं सायकलींचं शहर होतं होतं असं आपण सगळे म्हणतो, पण सकाळी साडेसातला रस्त्यावर या, अजूनही सायकली आहेत. पेपर टाकणारी पोरं, दूधवाले, वॉचमन, बांधकामावर जाणारे लोक. यांनी सायकल कधी सोडलीच नाही, आपण सोडली. महापालिकेने २०१७ मधे सायकल आराखडा मंजूर केला तेव्हा मी पेपरमधे वाचून खूश झाले होते, त्याच वर्षी डिसेंबरमधे विद्यापीठात आणि औंधात भाड्याच्या सायकलीसुद्धा आल्या होत्या, आठवत असतील. त्या गेल्या. ट्रॅक कुठे कुठे आहेत, पण सलग नाहीत, मधेच झाड, मधेच टपरी, मधेच पार्क केलेल्या बाइक, आणि चौक आला की ट्रॅक संपतो, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज तिथे नाही. मी ट्रॅकवर अवलंबून राहत नाही, मोकळा असला तर घेते. पण ते काका वीस वर्षं हेच सहन करतायत आणि त्यांना कोणी कधी विचारलं नाही, याचा मला खरंच राग येतो.

उतार संपला की विद्यापीठ चौक. इथे घाई करू नका. मेट्रो आणि उड्डाणपुलाच्या कामामुळे वळवलेला रस्ता वर्षभर कधी बदलेल नेम नव्हता, आणि पाषाण, बाणेर, औंध असे रस्ते फुटतात. औंधला जायचं तर आधीच्या दोन रस्त्यांकडे वळणारी वाहनं आपल्याला आडवी येतात. मी सरळ उतरते आणि पायी चालणाऱ्यांसारखी एकेक टप्पा ओलांडते. तीन-चार मिनिटं जातात, जाऊ देत. कुठल्याही मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तेव्हाही हेच, आधी सरळ पलीकडे जायचं, मग तिथून उजवीकडे. त्यापुढे विद्यापीठाच्या भिंतीच्या कडेने झाडीतून ब्रेमेन चौक, हा तुकडा पुन्हा सोपा. एकूण ४० मिनिटं. स्कूटरने गर्दीत ३० ते ३५ लागायची.

घाम. येतो, खोटं कशाला सांगू. सॅक पाठीवरून काढून कॅरिअरला इलॅस्टिकच्या दोरीने बांधली तेव्हा निम्मा कमी झाला, पाठच भिजायची खरी. जुना सुती कुर्ता घालून जाते, ऑफिसच्या ड्रॉवरमधे दोन कुर्ते, एक पंचा आणि पावडर ठेवलीय. पोचल्यावर लगेच तोंड धुवायचं नाही, १० मिनिटं पंख्याखाली बसायचं, घाम थांबला की मग ओल्या पंच्याने पुसून कपडे बदलायचे. ओढणी घालून सायकल चालवू नका, पिशवीत ठेवा, मागच्या चाकात गेली तर वाईट पडाल.

पार्किंगचं एक सांगते. आमच्या बिल्डिंगमधे चारचाकी, दुचाकी सगळ्याला जागा, सायकलला नाही. पहिल्या दिवशी सिक्युरिटीने जनरेटरच्या मागे लावायला सांगितली, ती जागा पावसात तुंबते. महिनाभर तोंडी सांगून काही झालं नाही. मग मी आणि हाउसकीपिंगचे दोघं जण, जे रोज सायकलनेच येतात आणि बाहेर झाडाला बांधून ठेवायचे, असं तिघांनी मिळून लेखी अर्ज दिला. छताखाली एका गाडीच्या जागेत आता सहा सायकली लागतात. एकटीने भांडू नका, तुमच्या ऑफिसात आधीपासून सायकलने येणारं कोणीतरी नक्की असतं, त्यांना शोधा.

पावसाळ्यात मी आठवड्यातून तीन दिवसच नेली. पहिल्या पावसात रस्त्यावर तेलाचा थर असतो, ब्रेक दाबला की चाक सरकतं, आणि पाणी साचलेल्या जागी खाली झाकण आहे की खड्डा ते दिसत नाही, तिथून जायचंच नाही. ब्रेकचे रबर पावसात फार लवकर झिजतात. एकदा जुलैत संध्याकाळी असा कोसळायला लागला की मी गणेशखिंड रोडने शिवाजीनगर गाठलं आणि सायकलसकट मेट्रोत शिरले. पुणे मेट्रोत सायकल नेऊ देतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, तिथलं खालचं स्टेशन जमिनीखाली ३३ मीटर आहे आणि वनाझची, म्हणजे कोथरूडकडची गाडी वरून सुटते, त्यामुळे लिफ्टनेच जा, सरकत्या जिन्यावर सायकल नेऊ नका. गर्दीच्या वेळी दोन गाड्या सोडून द्याव्या लागतात. आयडियल कॉलनीला उतरले तेव्हा पाऊस थांबला होता.

दिवे दोन्ही, पुढे पांढरा मागे लाल, दिवसासुद्धा लावा. हेल्मेट घाला. पिशवीत एक जादा ट्यूब ठेवा, हल्ली बऱ्याच पंक्चरवाल्यांकडे सायकलच्या मापाचं काही नसतं, पण ट्यूब दिली तर बदलून देतात. चेन दर रविवारी फडक्याने पुसून दोन थेंब तेल, खोबरेल नको, धूळ धरतं. आणि पहिल्यांदा निघायच्या आधी एका रविवारी सकाळी सात वाजता सगळा रस्ता एकदा रमतगमत जाऊन या, कुठे उतरायचं, कुठे पाणी प्यायचं, कुठला खड्डा कुठे आहे ते तेव्हा कळतं.

ते काका अजून भेटतात, आठवड्यातून एखाद-दोनदा, माझा चढ असतो तेव्हा त्यांचाही तोच. आता मी निम्म्यापर्यंत चालवत जाते, मग उतरते. परवा त्यांनी माझा मागचा ब्रेक बघितला आणि म्हणाले, ताई, रबर गेलाय, आजच बदला. संध्याकाळी बदलून घेतला.