आमची वाटचाल : कपाटातले संगणक

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीत एमएस-सीआयटीचे वर्ग आणि झेरॉक्स, एवढ्यावर आमचं दुकान सुरू झालं. दुरुस्ती जोडधंदा होता. आता तोच मुख्य धंदा आहे आणि गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या खेड्यांतल्या शाळा.

खेड्यातल्या शाळेत संगणक नाही, ही ओरड नेहमीची. आम्ही पाहतो ते वेगळं. संगणक आहे, पण कपाटात, कव्हर घालून. शाळांना संगणक देणारी केंद्राची आयसीटी योजना २००४ पासूनची. यंत्रं आली, पण पुढे त्यांना सांभाळणार कोण? यूपीएसची बारा व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, आमच्याकडे लाइट सारखी जाते म्हणून आणखी लवकर. हजाराच्या आसपासच्या त्या बॅटरीपायी अख्खा संगणक पडून. दुसरा शत्रू उंदीर. सीपीयू उघडला की संसारच सापडतो. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला १०,००० रुपये मिळतात. त्यात खडूपासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत सगळं भागवायचं. गुरुजींनी बॅटरी आणायची कशातून? शहरातल्या खासगी शाळेत हा खर्च फीतून निघतो.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या शंभरांपैकी जेमतेम चार घरांत संगणक होता, शहरांत तेवीस घरांत. २०२० च्या टाळेबंदीत ते आकडे आमच्या काउंटरवर उभे राहिले. शाळा फोनवर आली, पण फोन बापाच्या खिशात अन् बाप वावरात. संध्याकाळी बाप घरी आला की फोन आधी पोराच्या हाती, पोरीचा नंबर लागेस्तोवर डेटा संपलेला. रिचार्ज तर उधारीवरच मागायचे.

तेव्हापासून आम्ही कार्यालयांतून निघालेले जुने संगणक घेतो, साफ करतो, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकतो, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये भरून देतो. मग नेट नसलं तरी चालतं. ‘विंडोज नाही का हो दादा?’ असं गुरुजी विचारतातच. पण मराठी टायपिंग चाललं, की दुसऱ्या खेपेला कोणी विचारत नाही. जून उजाडायच्या आत बॅटरी तपासून येतो, बिल अनुदान आल्यावर. त्यामुळे आमचे पैसे कायम अडकलेले असतात, हेही खरं.

यवतमाळ, वर्ध्याकडूनही विचारणा होते. पण मोटरसायकलवर सकाळी निघून दुपारी परत दुकानात येता येईल, एवढ्याच शाळा घेतो. त्यापलीकडे कबूल केलं, तर बंद पडलेलं यंत्र पुन्हा कपाटातच जाणार.