तुम्ही विचारलंत म्हणून : फुटबॉल नेमका कधी सुरू झाला?

कोल्हापुरात पोरांना फुटबॉल शिकवतो म्हटल्यावर मैदानाच्या कडेला उभे असलेले पालक कधी ना कधी विचारतातच, "सर, हा खेळ नेमका सुरू कधी झाला?" पुस्तकातलं उत्तर सोपं आहे : १८६३, लंडन. परीक्षेत आलं तर तेच लिहावं. पण मला विचाराल तर मी १८७२ सांगतो. गाव ग्लासगो, आणि सामना असा की त्यात एकही गोल झाला नाही.

आधी १८६३चं बघू. इंग्लंडमध्ये तेव्हा प्रत्येक शाळेचा आणि क्लबचा फुटबॉल वेगळा होता. कुणी चेंडू हातात घेऊन पळायचं, कुणी फक्त पायाने खेळायचं. दोन संघ समोरासमोर आले की खेळाआधी नियमांवरूनच जुंपायची. एबेनेझर कॉब मॉर्ली नावाचे एक वकील बार्न्स क्लबचे होते. त्यांच्या पुढाकाराने २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये दहा-बारा क्लबांची माणसं जमली आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. नियम ठरायला मात्र डिसेंबर उजाडला.

घोडं अडलं होतं ते मुख्यतः हॅकिंगवर. हॅकिंग म्हणजे समोरच्याच्या नडगीवर सरळ लाथ घालायची. ब्लॅकहीथ क्लबच्या कॅम्पबेल यांना त्यात मर्दानगी दिसत होती. हे बंद केलंत तर खेळातली हिंमतच जाईल; मग मी फ्रेंच माणसं आणतो, आठवडाभराच्या सरावावर ती तुम्हाला हरवतील, असं ते भर बैठकीत म्हणाले. शेवटी हॅकिंग आणि चेंडू हातात घेऊन पळणं, दोन्ही बाद झालं आणि ब्लॅकहीथवाले उठून गेले. पुढे १८७१मध्ये रग्बीची, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाची, रग्बी युनियन स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ब्लॅकहीथ होतं. आणि त्या युनियनने आपल्या नियमांत हॅकिंगवर बंदीच घातली! एवढा तमाशा कशासाठी केला, देव जाणे.

तर ते १३ नियम. मी ते पोरांना वाचून दाखवतो आणि पोरं हसून लोळतात. गोलला दोन खांब आहेत, पण आडवा दांडा नाही. चेंडू खांबांमधून कितीही उंच गेला तरी गोल. प्रत्येक गोलनंतर बाजू बदलायच्या. चेंडू मैदानाबाहेर गेला की जो आधी धावत जाऊन हात लावेल त्याचा थ्रो. हवेतला चेंडू हाताने झेलला तर चक्क फ्री किक मिळते. किती खेळाडू खेळवायचे ते लिहिलेलं नाही. रेफरीचा पत्ता नाही. गोलकीपर? तो नियमांत यायला १८७१ उजाडलं. शेवटचा नियम तर असा की बुटांच्या तळाला बाहेर आलेले खिळे किंवा लोखंडी पट्ट्या नकोत. म्हणजे तोवर त्या असायच्या!

पण खरी मेख सहाव्या नियमात आहे. सहकाऱ्याने चेंडू मारला त्या वेळी तुम्ही त्याच्या पुढे उभे असाल तर तुम्ही खेळातून बाद, चेंडूला स्पर्श करायचा नाही. थोडक्यात, पुढे पास नाही. एकाने चेंडू पायात घोळवत पळायचं आणि बाकीच्यांनी, त्याच्याकडून निसटला तर आपल्याला मिळेल या आशेने, मागे झुंडीने धावायचं. आमच्या पहिल्या दिवशीच्या बॅचमध्ये मी हेच बघतो. याला फुटबॉलचा जन्म म्हणायला माझं मन घेत नाही.

१८६६मध्ये हा सहावा नियम, म्हणजेच ऑफसाइड, सैल झाला. तुमच्या आणि प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेच्या मध्ये त्यांचे तीन खेळाडू असले की पुढचा पास चालायला लागला. परवानगी मिळाली, पण सवय जाईना. मोठ्या घरच्या इंग्लिश पोरांना एकट्याने चेंडू नेण्यातच शान वाटे. (इंग्लंडमधल्याच शेफील्ड गावचे क्लबवाले १८५८पासून आपल्याच नियमांनी खेळत होते. कॉर्नर किक ही त्यांची देणगी. त्यांच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.)

मग आली ३० नोव्हेंबर १८७२ची दुपार. ग्लासगोजवळ पार्टिक इथे एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना. प्रेक्षक सुमारे ४०००. इंग्लंडने तब्बल आठ फॉरवर्ड उतरवले. इंग्लिश खेळाडू अंगाने भारी, धावायलाही चपळ. स्कॉटलंडचे अकराच्या अकरा मात्र एकाच क्लबचे, क्वीन्स पार्कचे, एकमेकांच्या खेळाची सवय असलेले. अंगाने कमी पडतोय तर एकमेकांच्या साथीने खेळू, हा त्यांचा हिशेब. पासिंगचं सगळं श्रेय त्यांनाच द्यावं असं नाही. इंग्लंडमध्ये रॉयल इंजिनियर्स या लष्करी तुकडीचा संघही मिळून खेळण्यासाठी नावाजलेला होता. पण दोन देशांचे दोन विचार एका मैदानावर समोरासमोर आले ते इथे. निकाल ०-०, आणि माझ्या मते बाजी मारली ती मिळून खेळायच्या विचाराने.

पुढच्याच वर्षी लंडनमध्ये इंग्लंड ४-२ जिंकलं, हेही सांगायला हवं. पण नंतरचे आकडे बघा : १८७८मध्ये स्कॉटलंड ७-२, १८८१मध्ये लंडनच्या ओव्हलवर ६-१, १८८२मध्ये ५-१. त्या ६-१च्या सामन्यात स्कॉटलंडचा कर्णधार होता अँड्र्यू वॉटसन, दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानात जन्मलेला कृष्णवर्णीय खेळाडू. हे नाव आमच्या पोरांना माहीत नसतं, म्हणून मी मुद्दाम सांगतो.

या निकालांनंतर उत्तर इंग्लंडातल्या लँकशरच्या गिरणगावांतले क्लब स्कॉटिश खेळाडूंना बोलावून घेऊ लागले. कागदोपत्री गिरणीत नोकरी, प्रत्यक्षात शनिवारी फुटबॉल. १८८३च्या एफए कपच्या, म्हणजे फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात विणकर-कामगारांच्या ब्लॅकबर्न ऑलिंपिकने जुन्या ईटनकरांना, म्हणजे ईटन या बड्या घरच्या पोरांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला, जादा वेळेत २-१ हरवलं, तेही लांब पास आणि मैदानाच्या दोन्ही बगलांचा वापर करून. दोन वर्षांनी, १८८५मध्ये, पैसे घेऊन खेळणं असोसिएशनला अधिकृत करावं लागलं. पण खेळाडूला पैसे कधीपासून मिळायला लागले, हा वेगळा प्रश्न. तो पालक सहसा पोरगं जरा बरं खेळायला लागल्यावर विचारतात.